एक ब्रास भांडण

चारचौघांत काय बोलू नये याची यादी कुणी केली, तर ‘एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर’ हे वाक्य मी त्यात सर्वांत वर घालीन. हे वाक्य मी भिसेगावातल्या एका पूजेच्या पंगतीत, मठ्ठ्याच्या पिंपाकडे बघत, कुणी विचारलं नसताना बोलून गेलो. वाढपी काही बोलला नाही. पण पंगतीतल्या निम्म्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हापासून कर्जत स्टेशनापासून आमच्या आळीपर्यंत ज्याच्याकडे म्हणून लांबी, रुंदी आणि उंची असलेली एखादी वस्तू आहे, तो तिचं माप घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसतो.

वास्तविक मी बी.कॉम. माझं भूमितीशी शेवटचं बोलणं दहावीच्या पेपरात झालं आणि तेही फारसं सलोख्याचं नव्हतं. पण गावात एकदा शिक्का बसला की तो पुसत नाही. दवाखान्यात नुसता केसपेपर लिहिणाऱ्यालासुद्धा लोक लग्नात गाठून गुडघा दाखवतात. मला रेतीचा ढीग दाखवतात. माझी फी म्हणजे एक कप चहा. तोही माझ्याच घरचा.

पहिलं गिऱ्हाईक घरातलंच, पुतणी. ती नववीत. बालभारतीच्या गणित भाग २ मधलं शेवटचं प्रकरण ‘पृष्ठफळ व घनफळ’. ते शेवटचं असल्यामुळे त्याची पाळी येईतो परीक्षाच येते आणि मग ते प्रकरण काकांच्या गळ्यात पडतं.

“काका, एका टाकीची लांबी २ मीटर, रुंदी दीड मीटर, उंची १ मीटर. किती लिटर पाणी मावेल?”

“तीन हजार,” मी ऐटीत सांगितलं. दोन गुणिले दीड गुणिले एक, तीन घनमीटर. पुढचं वाक्य आळीला पाठ आहे.

“आणि आतून रंग द्यायचा तर किती चौरस मीटर?”

“झाकण आहे का?”

“पुस्तकात लिहिलेलं नाही.”

इथे खरी मेख असते. लांबी अधिक रुंदी, त्याची दुप्पट, गुणिले उंची. उभ्या पृष्ठांचे झाले ७ चौरस मीटर. तळाचे ३, म्हणजे १०. झाकण धरलं तर १३. तीन चौरस मीटर रंग आणि दोन मार्क एका झाकणावर लटकलेले. मी दोन्ही उत्तरं लिहायला सांगितली. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, “बिनझाकणाची लिहू नको गं! डासांची तपासणी करायला बाई येतात, त्या टाकी उपडी करून जातात.”

पुतणीने दोन्ही उत्तरं लिहिली आणि पेन तोंडात धरून विचारलं, “पण काका, पाण्याच्या टाकीला आतून रंग कोण देतं? आपणच पिणार ना ते पाणी?”

याचं उत्तर प्रकरणात कुठेच नाही. पुस्तकातल्या इष्टिकाचितीला, म्हणजे टाकीसारख्या चौकोनी ठोकळ्याला, सहा पृष्ठं, बारा कडा आणि आठ कोपरे असतात. भिसेगावातल्या इष्टिकाचितीला याखेरीज एक मालक आणि एक ठेकेदार असतो. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

तसं पाहिलं तर चिती हा गरीब स्वभावाचा आकार. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही कापा, तोंड तेच. तळ त्रिकोणी असो, पंचकोनी असो की षट्कोनी, तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची केलं की घनफळ मिळतं. तळाची परिमिती गुणिले उंची केली की उभी पृष्ठं मिळतात आणि त्यात वरचं नि खालचं तोंड मिळवलं की एकूण पृष्ठफळ हाती येतं. सूत्रं दोन ओळींत संपतात. त्यांवरून दोन पिढ्या बोलेनाशा होऊ शकतात, कारण टेप आतून धरायची की बाहेरून, हे सूत्रात कुठेच लिहिलेलं नाही. विकणारा बाहेरून धरतो, घेणारा आतून. माणूस वाईट असावा लागत नाही. शेजारचे तात्याच बघा ना. गाळा भाड्याने देताना ते भिंतीबाहेरून मोजतात आणि त्याच हाताने, त्याच टेपने, रेतीची ट्रॉली आतून मोजतात. दोन्ही वेळा त्यांचा चेहरा देवळातून आल्यासारखा असतो.

त्या रेतीचीच गोष्ट. तात्यांनी पावसाआधी कुंपणाची भिंत उरकायची ठरवली. आमच्याकडे रेती ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, घनमीटरच्या भाषेत साधारण २.८३. नदीची रेती हल्ली सहजी दिसत नाही, खदानीतली क्रश येते. पण तिलाही सगळे रेतीच म्हणतात. सकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने खाली न उतरताच जाहीर केलं, “दहा बाय सहा, वीस इंच. बरोब्बर एक ब्रास.”

मी मनात गुणाकार केला. खरोखरच बरोबर शंभर घनफूट आले. हिशेब इतका बरोबर निघाला की मला तिथेच संशय आला. तात्या धोतराचा सोगा खोचून ट्रॉलीत चढले. आतून लांबी भरली नऊ फूट आठ इंच आणि रुंदी पावणेसहा फूट.

“काका, पत्रा आणि अँगल पण ट्रॉलीचेच आहेत ना,” ट्रॅक्टरवाला मला म्हणाला.

“अँगल घालून मी भिंत बांधणार नाही,” तात्या वरूनच म्हणाले.

मग खोलीचा प्रश्न आला. तात्यांनी सळईचा गज कोपऱ्यात खुपसला. १७ इंच. ट्रॅक्टरवाल्याने तोच गज मधोमध, जिथे शीग होती तिथे खुपसला. २३ इंच. गज एकच, रेती एकच, ट्रॉली एकच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी न्यायाधीशाच्या आवाजात म्हणालो, “सरासरी घ्या. वीस इंच. आतल्या मापाने सुमारे ९३ घनफूट होतात.” एवढ्या निःपक्षपाती निर्णयानंतर जे व्हायचं तेच झालं. दोघेही माझ्यावर चिडले.

आतापर्यंत मिस्त्री बाजूला बसून तंबाखू मळत होते. ते उठले, मूठभर रेती उचलून दाबली आणि म्हणाले, “दमट आहे. फुगलीय.” मग त्यांनी एक बादली काठोकाठ रेतीने भरली, हाताने सपाट केली आणि वरून सावकाश पाणी सोडलं. बुडबुडे आले. रेती हळूहळू खाली खाली जात काठापासून चांगली तीन बोटं बसली. कुणीही रेती काढली नव्हती. दमट रेतीच्या प्रत्येक कणाला पाण्याचं पातळ वेष्टण असतं, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत, मध्ये हवा राहते. बारीक रेती अशी वीस-तीस टक्क्यांपर्यंत फुगू शकते. पूर्ण बुडवली की ती पुन्हा जागेवर येते. इंजिनियरिंगच्या पुस्तकात याला धडा आहे. मिस्त्रींकडे बादली होती.

“म्हणजे मी हवेचे पैसे देतोय?” तात्या कडाडले.

“हवा मी नाही भरली, काका. ती आपोआप येते,” ट्रॅक्टरवाला म्हणाला. या वाक्यातलं विज्ञान अगदी निर्दोष होतं.

तंटा मिटला तो कुठल्याही सूत्राने नाही. ‘पुढच्या खेपेला चार घमेली जास्त टाकतो’ यावर मिटला. घमेलं भरून की निम्मं, हे कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर भिंत अजून झाली नसती.

रेतीनंतर आला शौचालयाच्या टाकीचा खड्डा. खड्डा म्हणजे जमिनीत शिरलेली इष्टिकाचिती. निदान नकाशात तरी. प्रत्यक्षात तो वर रुंद, खाली अरुंद, एका बाजूला दगड लागला म्हणून फुगलेला आणि दुसऱ्या बाजूला आंब्याचं मूळ आलं म्हणून आक्रसलेला होता. खोदाईही ब्रासवरच. ठेकेदाराने खड्डा मोजलाच नाही, बाहेर पडलेला मातीचा ढीग मोजला. खणलेली माती मोकळी होते, फुगते. खड्ड्यातून निघालेली माती जशीच्या तशी खड्ड्यात परत मावत नाही, हे ज्याने कधी झाड लावलंय त्याला ठाऊक असतं. तात्यांनी अर्थातच खड्डा मोजला, तोही तळाशी उतरून, जिथे तो सर्वांत अरुंद होता. तळाशी उभ्या माणसाशी वाद घालायला ठेकेदाराला वाकावं लागत होतं, त्यामुळे या खेपेला तात्यांची बाजू जरा वरचढ ठरली.

हा वाद काही आमच्या आळीने काढलेला नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ११५० साली पुरी केली. त्यांचा जन्म १११४ चा, म्हणजे तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. घर बांधायला काढायचंच वय. त्या ग्रंथात खड्ड्यांचा हिशेब आहे, विटांच्या रचलेल्या थरांचा आहे, लाकूड करवतीने कापण्याच्या मजुरीचा आहे आणि धान्याच्या राशींचाही आहे. खड्ड्याबद्दल आचार्य सांगतात की रुंदी निरनिराळ्या ठिकाणी मोजावी, सगळ्या मापांची बेरीज करावी आणि जितक्या ठिकाणी मोजलं तितक्याने भागावं. लांबी आणि खोलीचंही तसंच. या एका सूचनेवरून माझी पक्की खात्री झाली आहे की आचार्यांनी कधीतरी स्वतःच्या घरी खड्डा खणून घेतलेला होता. ज्याने नुसत्या पाटीवर खड्डे काढले, त्याला असं सुचत नाही.

त्याहून मला आवडतो तो राशींचा भाग. आमचा तालुका भाताचा. इथल्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या वाणांनाच कर्जतचं नाव आहे. ‘कर्जत-३’ म्हटलं की शेतकऱ्याला पुढे काही सांगावं लागत नाही. तर आचार्य म्हणतात, जमिनीवर ओतलेल्या राशीचा परीघ मोजा. कुसळाचं धान्य असेल तर उंची परिघाचा नववा भाग धरा, इतर जाड धान्याची दहावा, बारीक धान्याची अकरावा. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणा. भात हा कुसळाच्या धान्यांतला. परीघ अठरा हात असेल तर उंची दोन, सहावा भाग तीन, त्याचा वर्ग नऊ, गुणिले दोन: अठरा घनहस्त. रास भिंतीला टेकून असेल, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असेल किंवा घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून पडली असेल, तर काय करायचं, तेही दिलेलं आहे. साडेआठशे वर्षांहून जुनं पुस्तक, पण खळ्यावर कोपरा आडवा येतो याची त्याला कल्पना आहे.

मी हे सगळं भारावून तात्यांना सांगितलं. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग हळूच एक डोळा उघडला.

“उंची मोजायचीच नाही म्हणता? नुसता परीघ?”

“हो. उंची परिघावरून ठरते.”

“आणि पायाने रास जरा पसरली तर?”

मी कागद घेतला. अठराचा परीघ वीस हात केला, तर उत्तर अठरावरून जवळजवळ पावणेपंचवीसवर गेलं. भाताचा एक दाणा न वाढता पावणेसात घनहस्त भात नुसत्या टाचेने निर्माण झाला. आचार्यांनी नियम सांगितला होता तो आपसूक पडलेल्या राशीसाठी. तात्यांची टाच त्यांनी हिशेबात धरली नव्हती.

“म्हणजे विकताना पसरायची,” तात्या म्हणाले, “आणि घेताना गोळा करून मोजायची.” एवढं बोलून ते उठून गेले. भारतीय गणिताच्या परंपरेत मी त्या दिवशी नक्की काय भर घातली, हे आठवलं की अजून झोप लागत नाही.

तात्या निदान अनुभवी आहेत. आमचे मेहुणे डोंबिवलीचे आणि संगणकवाले आहेत. शनिवार-रविवारी मोकळी हवा खायला म्हणून त्यांनी गावाबाहेर एक जुनं दुपाखी कौलारू घर घेतलं आणि कौलं उतरवून पत्रे घालायचं ठरवलं. माकडं कौलं फोडतात आणि शाकारायला माणूस मिळत नाही, ही दोन्ही कारणं खरी आहेत. घर वीस फूट रुंद, तीस फूट लांब, भिंतीच्या माथ्यापासून आढं साडेसात फूट वर. भूमितीच्या दृष्टीने असं घर म्हणजे आडवी पाडलेली पंचकोनी चिती: खाली आयत, वर त्रिकोण, आणि तेच तोंड तीस फूट मागेपर्यंत. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ७५ चौरस फूट, म्हणजे माळ्याचं घनफळ २,२५० घनफूट. एवढ्या जागेत आधीच्या मालकाचं एक मोडकं पाळणा-खुर्ची-कंदील प्रदर्शन होतं. मेहुण्यांच्या गाद्यांना मात्र तिथे जागा सापडली नाही.

“भाऊजी, मी एक्सेलमध्ये शीट केलंय,” मेहुणे फोनवर म्हणाले. पाखीची तिरपी लांबी पायथागोरसने साडेबारा फूट. बरोबर. दोन पाख्या गुणिले साडेबारा गुणिले तीस, साडेसातशे चौरस फूट. तेही बरोबर. पत्रा साडेतीन फूट रुंद, तीस भागिले साडेतीन, साडेआठच्या वर, म्हणजे एका पाखीला नऊ पत्रे. एकूण अठरा.

दुकानदार म्हणाला, “साहेब, वीस घ्या.”

“शीटमध्ये अठरा आलेत.”

“शीटवर पाऊस पडत नाही, साहेब.”

मुद्दा असा की पत्रे शेजारी शेजारी ठेवत नाहीत, एकाची कड दुसऱ्यावर चढवतात. साडेतीन फुटी पत्र्याचे कामाला येतात ते सव्वातीन. मेहुण्यांना वाटलं, दुकानदार दोन पत्रे गळ्यात मारतोय. त्यांनी अठराच घेतले. पहिल्या पावसाला दोन्ही पाख्यांच्या टोकाला अर्ध्या-अर्ध्या फुटाची उघडी पट्टी राहिली आणि त्याच पट्टीखाली टीव्ही लावलेला होता. मग निळी ताडपत्री आली. ताडपत्रीचंही पृष्ठफळ असतं आणि दोरी बांधायला चारी बाजूंनी फूटभर जास्त लागतं, हे शीटमध्ये नव्हतं.

पण मेहुणे जिज्ञासू आहेत. छपराचं पाणी साठवायचं त्यांच्या डोक्यात आलं. मी सांगितलं की पावसाचं पाणी मोजताना तिरप्या छपराचं क्षेत्रफळ घ्यायचं नसतं, खालच्या जमिनीचं घ्यायचं. वीस गुणिले तीस, सहाशे चौरस फूट, साधारण ५५.७ चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर साडेपाच हजार लिटरच्या वर पाणी. आणि आमच्याकडे जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्याची बातमी होत नाही, फक्त कपडे वाळत नाहीत.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मेहुणे म्हणाले, “थांबा. छप्पर साडेसातशे फूट आणि पाऊस सहाशे फुटांवरच पडतो?”

“तसंच म्हणा.”

“मग उरलेल्या दीडशे फुटांचे पत्रे मला का विकले?”

मी त्यांना तिरप्या पृष्ठाची क्षैतिज छाया समजावून सांगायचा प्रयत्न केला. सांगून झाल्यावर ते म्हणाले, “ते ठीक आहे, पण दुकानदाराशी याच्यावर बोलायलाच पाहिजे.” ते बोलले की नाही, मी विचारलेलं नाही. त्या दुकानावरून जायचं मात्र मी टाळतो.

एव्हाना तात्यांची भिंत उभी राहिली होती आणि गिलाव्यावर आली होती. इथे ब्रासने रंग बदलला. रेतीचा ब्रास शंभर घनफूट आणि गिलाव्याचा ब्रास शंभर चौरस फूट. मिस्त्री एकाच दमात दोन्ही बोलतात आणि त्यांचा कधी गोंधळ होत नाही. गोंधळ ऐकणाऱ्याचा होतो. शंभर चौरस फुटांवर अर्धा इंच जाडीचा थर म्हणजे सव्वाचार घनफुटांच्या आत माल लागायला हवा, असं मी मिस्त्रींना कागदावर दाखवलं. मिस्त्रींनी कागद बघितला, मग भिंतीला ओळंबा लावला. भिंत मध्ये पोटात गेली होती. तिथे अर्धा इंच नव्हे, दीड इंच माल बसणार होता. भिंत त्यांनीच बांधली होती, हे सगळ्यांच्या लक्षात आलं, पण चहा त्याच वेळी आला.

घरातल्या रंगाचं आणखी निराळं. खोलीच्या चार भिंती म्हणजे उभी पृष्ठं, परिमिती गुणिले उंची, हे पुतणीसुद्धा सांगेल. भांडण असतं ते दारं-खिडक्यांवरून.

“खिडकी वजा करा,” तात्या म्हणाले. “काचेला तुम्ही डिस्टेंपर लावत नाही.”

“खिडकीच्या आतल्या कडा कोण रंगवणार?” रंगारी.

“मग कडांचे वेगळे घ्या.”

“घेतो. कडा, वरची पट्टी, खालचा ओटा, ग्रिल वेगळं, ग्रिलच्या दोन्ही बाजू वेगळ्या.”

तात्यांनी ग्रिलच्या नळ्यांकडे पाहिलं. प्रत्येक नळी एक चिती, प्रत्येक चितीला पृष्ठफळ. त्यांनी खिडकी वजा करायचा हट्ट लगेच सोडला. गंमत म्हणजे भारतीय मानकांतही गिलाव्यासाठी असाच समंजसपणा आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजाच करायची नाही आणि कडांचे वेगळे पैसेही द्यायचे नाहीत. ती मानकं ठरवणारी समिती भरली तेव्हा तिथे एखादा रंगारी नक्की बसलेला असणार.

माझ्या घरी हे शास्त्र नांदतं ते स्वयंपाकघरात. नारळाची वडी म्हणजे समभुज चौकोनी तळाची बुटकी चिती. थाळी गोल, वड्या तिरक्या कापलेल्या, त्यामुळे थाळीच्या कडेला विचित्र त्रिकोणी तुकडे उरतात. हळदीकुंकवाला वड्या जातात, घरच्या पुरुषांना कडा मिळतात. बायका जास्त येणार असं कळलं की बायको सुरी जवळजवळ फिरवते. वड्या लहान होतात, संख्या वाढते. एकूण घनफळ तेवढंच राहतं, पृष्ठफळ मात्र वाढतं, कारण प्रत्येक काप दोन नवी पृष्ठं उघडी करतो. “म्हणून लहान वड्या लवकर सुकतात,” मी एकदा अभ्यासपूर्ण आवाजात म्हणालो. तेव्हापासून मला कडाही कमी मिळतात.

आणि कर्जत लोकलचं काय सांगू? डबा कर्जतला जेवढा असतो तेवढाच ठाण्याला असतो. आम्ही इथून बसून निघतो, खिडकीला कोपर टेकवतो आणि बदलापूरला चढणाऱ्यांकडे ‘जागा कुठाय?’ अशा नजरेने बघतो. मुंबईच्या गर्दीचं माप घेताना रेल्वेवाले एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी, असा आकडा सांगतात. पुतणीने ते ऐकून विचारलं, “त्यांची उंची धरायची का?” मी म्हटलं, धरायला जागा असेल तर धर.

आता भिसेगावात स्टेशनाजवळ इमारती उभ्या राहतायत आणि मुंबईची माणसं फ्लॅट बघायला येतायत, त्यामुळे माझा ओटा रविवारीही भरलेला असतो. पूर्वी बिल्डर बाहेरून मोजायचा, मग त्यात जिना, लिफ्ट आणि बागेतला बाकही वाटून टाकायचा. घेणारा घरात गादी टाकून बघेपर्यंत आपण किती चौरस फूट घेतले हे त्याला कळायचं नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने यावर एकदाचा निकाल दिला. चटई क्षेत्रात बाहेरच्या भिंतींची जाडी धरायची नाही, आतल्या खोल्यांमधल्या भिंतींची धरायची. म्हणजे संसदेनेही तात्या आणि ट्रॅक्टरवाला या दोघांना बसवून सरासरीच काढली.

तेव्हा इकडे फ्लॅट, पत्रे, खड्डा किंवा रेती, काहीही घ्यायला येणार असाल तर एक विनंती. टेप स्वतःची आणा, आणि स्टीलची आणा. कापडी आणू नका. ती ओढली की लांबते, आणि कुठल्या टोकाला कोण ओढतंय यावर मला पुन्हा दोघांना चहा पाजावा लागतो.